कौल आणि कोपर

मुंबईहून निघालेले पुण्याचे आणि गोव्याचे असे दोन्ही हमरस्ते ज्या गावाच्या वेशीपाशी एकमेकांचा निरोप घेतात, ज्या गावाला १८५२ सालापासून नगरपालिका आणि २०१६ सालापासून महानगरपालिका आहे, आणि ज्याच्या कळंबोली या भागापासून २००२ साली पूर्णपणे खुला झालेला द्रुतगती मार्ग घाटाची दिशा धरतो, त्या पनवेलमध्ये हाड मोडणे ही नवलाची वार्ता नव्हे. द्रुतगती मार्गावर दुचाकीला मज्जाव असल्यामुळे दुचाकीस्वारांचा ओघ जुन्या पुणे रस्त्यावर आणि कर्नाळ्यावरून पेणकडे जाणाऱ्या गोव्याच्या रस्त्यावर लोटतो. पावसाळ्यात खड्डा कोणता आणि डबके कोणते हे कळेनासे झाले की पुढचे चाक अडते, स्वार पुढे फेकला जातो, आणि बुद्धीला काही सुचण्यापूर्वीच हात पुढे होऊन तळवा जमिनीवर आदळतो. मस्तक वाचवण्यासाठी देहाने दिलेला हा हाताचा जामीन पुष्कळदा जप्त होतो, आणि जप्ती येते ती बहुधा मनगटावर, खांद्यावर किंवा कोपरावर.

यांपैकी कोपरावरच्या जप्तीचा विचार येथे करावयाचा आहे. तो करण्याचे कारण शल्यशास्त्राइतकेच धर्मविचाराशी निगडित आहे. दोन इलाज समोर उभे असताना, दोहोंचे पुरस्कर्ते विद्वान आणि प्रामाणिक असताना, आणि श्रेष्ठ कोणता हे छातीठोकपणे सांगण्याचा अधिकार कोणालाच पोहोचत नसताना मनुष्याने निवड कोणत्या आधारावर करावी, त्या निवडीची जबाबदारी कोणाच्या शिरावर, आणि फळ वाईट आले तर त्याचा धनी कोण, हा प्रश्न कुरुक्षेत्रावर जितका खरा होता तितकाच तो रुग्णालयाच्या पडवीत, क्ष-किरणांचे चित्र उजेडासमोर धरून उभ्या राहिलेल्या आप्तांच्या घोळक्यातही खरा असतो.

आधी दुखण्याचे स्वरूप पाहू. कोपरात तीन हाडे एकत्र येतात : दंडाचे एक, आणि मनगटापासून वर आलेली दोन. करंगळीच्या बाजूचे हाड दंडाच्या हाडाला मागून आणि पुढून कवेत घेते, आणि त्याच्या पुढच्या अंगाला कावळ्याच्या चोचीच्या आकाराचे एक लहानसे टोक असते; अंगठ्याच्या बाजूच्या हाडाचे वरचे टोक वाटोळे असून तळवा उताणा-पालथा करताना ते जागच्या जागी फिरते; आणि या तिघांना दोन्ही अंगांनी अस्थिबंधांनी जखडलेले असते. पसरलेल्या तळव्यावर देहाचा भार कोसळला की पुढची दोन हाडे मागे सरकतात, सरकता सरकता चोच मोडते, वाटोळे टोक फुटते, आणि बाहेरचा अस्थिबंध हाडापासून उपटून निघतो. सांधा निखळणे आणि ही दोन हाडे मोडणे या तीन गोष्टी एकाच क्षणी घडल्या म्हणजे काय हाहाकार होतो हे पुरते ओळखून हॉचकिस या अमेरिकन शल्यविशारदाने १९९६ साली या दुखापतीला ‘भयंकर त्रिकूट’ असे नाव दिले, आणि ते नाव त्या काळी तरी अतिशयोक्तीचे नव्हते. कारण बसवलेला सांधा पुन्हा निखळणे, कोपर आखडून जाणे आणि पुढे संधिवात जडणे हीच या दुखण्याची पूर्वीची वहिवाट होती.

आता इलाज. सांधा नुसता जागी बसवून प्लास्टर घालावे तर आधारच मोडलेले असल्यामुळे तो प्लास्टरच्या आतच पुन्हा सरकण्याची भीती असते, म्हणून बहुधा शस्त्रक्रिया करावी लागते. आणि खरा मतभेद सुरू होतो तो येथून पुढे. कॅनडातील शल्यविशारदांच्या एका गटाने ३६ रुग्णांच्या अनुभवावरून २००४ साली जो शिरस्ता प्रसिद्ध केला त्यानुसार प्रथम सर्वांत आतली चोच हाडाला भोके पाडून ओवलेल्या दोऱ्याने अथवा स्क्रूने बांधावी, मग वाटोळे टोक जोडावे किंवा बदलावे, मग बाहेरचा अस्थिबंध हाडाला परत शिवावा, आणि टेबलावरच कोपर वाकवून व सरळ करून तो अजूनही सरकतो की काय हे पाहावे. सरकत असेल तर आतला अस्थिबंधही शिवावा किंवा बाहेरून बिजागरीची चौकट लावावी. ‘जोडावे किंवा बदलावे’ हे शब्द लिहिण्यास सोपे आहेत. त्या वाटोळ्या टोकाचे दोन-तीन तुकडे झाले असतील तर बारीक स्क्रूंनी ते जोडता येतात. तीनाहून अधिक झाले तर जोडकाम टिकत नाही असे अनुभव सांगतो, आणि मग धातूचे टोक बसवणे श्रेयस्कर ठरते. फुटलेले तुकडे काढून टाकून जागा रिकामी ठेवण्याची जुनी पद्धत अशा अस्थिर कोपरात तर उरलासुरला टेकूही काढून घेते. पण तीन तुकडे म्हणावे की चार, हे पुष्कळदा चीर घेतल्यावरच कळते. आणि तिशीतल्या माणसाच्या हाडात धातू बसवला तर पुढची चाळीस वर्षे तो कसा वागेल, याचा दाखला आज कोणत्याही दफ्तरात मिळणार नाही.

या सर्व मतभेदांच्या मुळाशी एकच द्वंद्व आहे : स्थैर्य आणि गती. कोपर फार दिवस बांधून ठेवला तर तो स्थिर होतो पण वाकत नाही. लवकर हलवला तर वाकतो पण निखळू पाहतो. हे द्वंद्व आजचे नव्हे. सुश्रुताने भग्नचिकित्सेच्या अध्यायात सांगून ठेवले आहे की बंध सैल पडला तर सांध्याला स्थैर्य येत नाही, घट्ट पडला तर त्वचेला सूज, वेदना आणि पाक होतो, म्हणून जाणते लोक मध्यम बंधाचीच प्रशंसा करतात. आणि तो बंध थंडीत सात दिवसांनी, समशीतोष्ण काळी पाच दिवसांनी व उन्हाळ्यात तीन दिवसांनी बदलावा. निखळलेल्या कोपरासाठी अंगठ्याने सांधा चोळीत दाब देऊन तो बसवणे, मग हात पसरणे व आखडणे आणि वरून स्नेहाची धार धरणे, असा विधी त्याने दिला आहे; आणि तळहाताच्या भंगात बळ परत आणण्यासाठी प्रथम मातीचा गोळा, मग मिठाचा खडा, आणि हातात जोर आल्यावर दगड धरावयास लावावा, असा जो क्रम त्याने सांगितला आहे तो वाचताना आजच्या भौतिकोपचाराची खोली डोळ्यांपुढे उभी राहते. त्याने मोजलेल्या १०७ मर्मांपैकी ४४ वैकल्यकर आहेत, म्हणजे ज्यांच्या आघाताने प्राण जात नाही पण व्यंग राहते अशी. त्यांत कूर्पर, म्हणजे कोपर, येतो. ज्या काळी बधिरीकरण नव्हते आणि क्ष-किरण नव्हते त्या काळी या सांध्याची ही ओळख एखाद्याला पटली असेल, तर ती कित्येक वाकडे हात पाहिल्यावाचून पटली नसेल.

पनवेलला या परंपरेचा अभिमान वाटावा असे कारणही आहे. कारण कृष्णशास्त्री पुराणिक यांनी १८७२ साली येथेच धूतपापेश्वर हा औषधांचा कारखाना काढला, आणि आयुर्वेदाची औषधे घराघरांतल्या खलबत्त्यातून कारखान्यात नेण्याच्या उद्योगाचा पाया घालणाऱ्यांत त्याची गणना होते. परंतु अभिमान आणि अनुकरण यांत विवेक पाहिजे. सुश्रुताचा वारसा सांगत गावोगाव कोपर चोळून देणारे आणि कामट्या आवळून बांधणारे हाडवैद्य आजही आहेत. आणि ताज्या दुखावलेल्या कोपराला जोरजोराने चोळल्याने स्नायूंत हाड धरते, आवळलेल्या बंधाने रक्त अडून बोटे कायमची आकसतात, हे दोन्ही परिणाम आज सर्वज्ञात आहेत. म्हणजे घट्ट बंधाविषयी सुश्रुताने दिलेला इशारा त्याच्याच नावाने मोडला जातो. आणि ज्या आचार्याने प्रेत पाण्यात कुजवून शरीराची रचना डोळ्यांनी पाहण्याचा उपदेश केला, त्याच्या अनुयायाने न पाहता हात धरावा, याहून मोठा गुरुद्रोह नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. शास्त्र आहे, शिरस्ता आहे, अनुभव आहे, आणि तरीही ‘जोडावे की बदलावे’ याचा फैसला होत नाही. तेव्हा काय करावे? कोकणात अशा अडचणीवर फार जुनी तोड आहे. ग्रामदेवतेच्या पाषाणाला पाणी लावून त्याच्या दोन्ही अंगांना फुलाच्या कळ्या, पाकळ्या किंवा तांदळाचे दाणे चिकटवावयाचे, गुरवाने यजमानाच्या वतीने गाऱ्हाणे घालावयाचे, आणि मग मंडळींनी वाट पाहावयाची : उजवीकडची पाकळी आधी पडली तर देवाची संमती, डावीकडची पडली तर नकार. सोयरीक जुळवावी की नाही, शेत विकावे की नाही, अमक्या डॉक्टराकडे जावे की तमक्याकडे, असे कितीतरी कज्जे या कौलाने पिढ्यानपिढ्या निकालात निघाले आहेत. सुशिक्षित मनुष्य त्याला हसतो. परंतु त्याने हसण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घ्यावी : ज्या आधुनिक वैद्यकाने आपल्या कचेरीत देवाला बसण्यापुरतीही जागा ठेवलेली नाही, त्या वैद्यकानेही आपले सर्वांत अवघड कज्जे तोडण्यासाठी अखेर चिठ्ठीचाच आश्रय घेतला आहे.

तसे करण्यास ते का प्रवृत्त झाले, हे समजून घेण्यासारखे आहे. एखादा शल्यविशारद म्हणतो की मी जोडलेले कोपर बदललेल्या कोपरांपेक्षा सरस निघाले. ते खरेही असते. पण ज्यांचे वय कमी, हाड बळकट आणि तुकडे थोडे, त्यांचेच कोपर त्याने जोडावयास घेतलेले असतात, आणि ज्यांचे हाड भुसभुशीत झाले आहे त्यांच्या वाट्याला धातू आलेला असतो. म्हणजे इलाज श्रेष्ठ की रुग्ण बलवान, याची रुजवात होणेच अशक्य होऊन बसते. यात अप्रामाणिकपणा नाही. आहे ते ममत्व. आपण शिकलो ती रीत, आपल्या गुरूची ती रीत, आपल्या हाताला वळण पडले ती रीत, हिच्याकडे मनाचा कल नकळत झुकतो, आणि तो कल रोखण्यास मनुष्याची सद्बुद्धी पुरी पडत नाही. तेव्हा दोन्ही इलाजांना पात्र असलेल्या रुग्णांची त्यांच्या संमतीने चिठ्ठीवर वाटणी करावी, म्हणजे वैद्याची आवड वाटणीपुरती तरी निष्प्रभ होते, असा विचार पुढे आला. ब्रिटनमध्ये क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनची परीक्षा अशा चिठ्ठीच्या वाटणीने झाली, आणि तिचा निकाल १९४८ साली प्रसिद्ध झाला : औषध मिळालेल्या ५५ जणांपैकी सहा महिन्यांत ४ दगावले, केवळ विश्रांतीवर ठेवलेल्या ५२ जणांपैकी १४. युद्धोत्तर टंचाईत औषध सर्वांना पुरण्याजोगे नव्हतेच. त्यामुळे ते कोणाला द्यावे हे चिठ्ठीने ठरवण्यात तेव्हा अन्यायापेक्षा न्यायच अधिक होता.

मग कौल आणि ही चिठ्ठी एकच की काय? वरवर पाहता दोहोंत साम्य आहे, आणि ते साम्य लाजिरवाणे नाही. दोहोंच्या मुळाशी ‘मला कळत नाही’ ही कबुली आहे, आणि अशी कबुली देणे हा कोणत्याही धर्माचा आरंभ आहे. परंतु पुढे वाटा फुटतात. कौलात पाकळी पडली की चौकशी संपते. प्रयोगात चिठ्ठी पडल्यानंतर चौकशी सुरू होते. उजव्या कौलावर केलेली किती लग्ने सुखाची झाली आणि डाव्या कौलावर मोडलेल्या किती सोयरिकी पुढे पश्चात्तापाला कारण झाल्या, याची नोंद कोणत्याही देवस्थानच्या दफ्तरात नाही. प्रयोगात मात्र प्रत्येक चिठ्ठीचे पुढे काय झाले हे लिहून ठेवल्यावाचून चिठ्ठीला काही अर्थच उरत नाही. कौलात मनुष्य आपला निर्णय सोडून देतो; प्रयोगात तो आपले ममत्व सोडतो आणि निर्णय लांबणीवर टाकतो. कर्म करावे पण फळाची आसक्ती ठेवू नये, हा जो उपदेश आपण पाठ करतो, त्याचा इतका रोखठोक आचार दुसरीकडे क्वचितच दिसेल : दोन्ही शस्त्रक्रिया सारख्याच कौशल्याने करावयाच्या, आणि आपली लाडकी पद्धत हरली तर तो पराभव आपल्याच सहीने छापावयाचा. पनवेलच्या शेजारी, पेण तालुक्यातील गागोदे गावी जन्मलेल्या विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने करताना बाह्य कर्माला चित्तशुद्धीच्या विकर्माची जोड मिळाली पाहिजे, हा विचार विस्ताराने मांडला. शल्यविशारदाच्या कर्माला ही जोड कोणती, याचे उत्तर मला या पराभवाच्या कबुलीत दिसते.

अशा प्रयोगांतून कोपराविषयी काय हाती आले? ज्या भयंकर त्रिकुटाचे वर्णन वर केले त्याबाबत चिठ्ठीवर आधारलेला पुरावा अद्याप तुटपुंजा आहे; मते बनली आहेत ती बहुतांशी लहान लहान रुग्णसमूहांच्या मागे वळून घेतलेल्या आढाव्यावरून. पण त्याच्या सख्ख्या भावंडाविषयी, म्हणजे दंडाच्या हाडाचे कोपराजवळचे टोक फुटण्याविषयी, कॅनडात एक तुलना झाली आणि २००९ साली प्रसिद्ध झाली. पासष्टी उलटलेल्या ४२ रुग्णांत चिठ्ठी टाकली गेली : २१ जणांचे हाड पट्ट्या व स्क्रू लावून जोडावयाचे, २१ जणांचा संपूर्ण सांधा कृत्रिम बसवावयाचा. आणि येथे एक मोठी बोधप्रद गोष्ट घडली. जोडणीच्या वाट्याला आलेल्यांपैकी पाच जणांचे हाड चीर घेतल्यावर इतके चुरडलेले निघाले की ते जोडणे अशक्य ठरले आणि टेबलावरच बेत बदलून कृत्रिम सांधा बसवावा लागला. चिठ्ठीने एक सांगितले, हाडाने दुसरे. आणि शल्यविशारदाने चिठ्ठीचा मान न राखता हाडाचा राखला. निकालात कृत्रिम सांध्याचे पारडे आरंभीच्या महिन्यांत स्पष्टपणे जड होते. पण रुग्ण स्वतः आपल्या हाताविषयी जे सांगतात त्या मापाने दोन वर्षांअखेर दोहोंतले अंतर जवळजवळ मिटले होते.

दुसरे उदाहरण एडिंबरोचे. पंचाहत्तरीपुढच्या वृद्धांचे कोपराचे मागचे टोक मोडून सरकले तर त्यावर शस्त्रक्रिया करावी की नुसते झोळीत ठेवून हलवू द्यावे, हे पाहण्यासाठी सुरू झालेली तुलना अवघे १९ रुग्ण झाल्यावर मुदतीपूर्वीच बंद करण्यात आली. कारण शस्त्रक्रिया झालेल्या ११ जणांपैकी ९ जणांना काही ना काही उपद्रव झाला होता, आणि हाताच्या उपयोगात मात्र न कापलेल्यांहून त्यांचे काही अधिक साधले नव्हते. हा निकाल २०१७ साली छापला गेला. जगात जे जे मोडले ते ते दुरुस्त केलेच पाहिजे, या आपल्या काळाच्या गृहीतकाला याहून सौम्य आणि याहून खंबीर उत्तर मिळणे कठीण. अकर्मातही कर्म पाहणारा बुद्धिमान, असे गीतेच्या चौथ्या अध्यायात म्हटले आहे, त्याचा दाखला एखादा भाष्यकार पुढे एडिंबरोहून आणील तर मला आश्चर्य वाटणार नाही.

तरीही कज्जा येथे संपत नाही. प्रयोग समुदायाविषयी बोलतो, आणि कोपर एकाचा असतो. अमुक इलाज शंभरांत अधिक जणांना मानवला, याचा अर्थ मला मानवेल असा होत नाही. आणि उरलेल्या अंतरात जे काही आहे त्याला आप्तमंडळी ‘नशीब’ म्हणतात व तेथे विचार थांबवतात. या ठिकाणी गीतेचा अठरावा अध्याय अधिक सावध आहे. कोणतेही कर्म सिद्धीस जाण्यास पाच कारणे लागतात असे तेथे म्हटले आहे : अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधने, नाना प्रकारचे व्यापार, आणि पाचवे दैव. कोपराला हे पाचही लावून पाहावेत. अधिष्ठान म्हणजे ते हाड, त्याचे वय आणि त्याचा चुरा, कर्ता शल्यविशारद, साधने त्याची हत्यारे, पट्ट्या आणि क्ष-किरण, व्यापार म्हणजे शस्त्रक्रियेनंतर रोज दुखत दुखत करावयाची वाकवणे-पसरवणे ही सारी मेहनत, आणि दैव पाचवे. ते आहे, पण पाचवे आहे. चारांचा हिशेब पुरा झाल्यावाचून पाचव्यावर बोट ठेवण्याचा अखत्यार कोणालाच नाही. आणि त्याच ठिकाणी पुढे, ही पाच कारणे असताना जो केवळ स्वतःला कर्ता समजतो त्याची बुद्धी असंस्कृत होय, असेही बजावले आहे. ते ‘मी बरा केला’ म्हणणाऱ्या शल्यविशारदाला जितके लागू आहे तितकेच ‘त्याने हात बिघडवला’ म्हणून ओरडणाऱ्या, पण व्यायामाला तिसऱ्या दिवशीच रजा देणाऱ्या रुग्णालाही लागू आहे.

चरकसंहितेच्या विमानस्थानात हाच विचार वैद्याच्या भाषेत आला आहे. दैव म्हणजे पूर्वदेहात केलेले कर्म आणि पुरुषकार म्हणजे या देहात केलेले. दोहोंत जे बलवान ते दुर्बळावर मात करते. आणि सर्वच जर नियत असते तर औषधे, मंत्र आणि पथ्य यांना काही प्रयोजन उरले नसते. कर्मसिद्धांताचा उपयोग मागे वळून समजूत घालण्यासाठी आपण करतो, त्याला हरकत नाही. पण रस्त्यावरचा खड्डा पूर्वजन्मीच्या कर्माने पडत नाही, आणि तो बुजवण्याची तजवीज ज्यांच्या अखत्यारात आहे त्यांना ‘नशिबात होते’ हा शब्द फार सोयीचा पडतो, हेही विसरू नये.

मग समुदाय आणि व्यक्ती यांतले हे अंतर कशाने भरावे? येथे मला कौलाच्या एका अंगाची पुन्हा आठवण करून द्यावीशी वाटते. कौलात पाकळी पडण्यापूर्वी गाऱ्हाणे असते. मनुष्याला काय हवे आहे, कशाची भीती आहे, कोणाचे देणे आहे, घरात कोण आजारी आहे, हे सर्व गुरव चार माणसांसमक्ष देवाला ऐकवतो. आणि पाकळीच्या उत्तराला काही मोल असो वा नसो, त्या ऐकवण्याला मोल असते. प्रयोगाला हिशेब येतो, गाऱ्हाणे येत नाही. कोपराचा उपयोग किती, याचे माप १९८१ साली घेतले गेले : रोजच्या बहुतेक कामांना सरळ रेषेपासून तीस अंशांपासून एकशे तीस अंशांपर्यंत वाकणे, आणि तळवा दोन्ही बाजूंना पन्नास-पन्नास अंश फिरणे पुरते. माप खरे आहे. पण तीर्थ घेताना तळवा उताणा करावा लागतो, आणि ते ओठांशी नेताना कोपर पुरता वाकावा लागतो. ज्याचा उजवा तळवा उताणा होत नाही त्याला डावा हात पुढे करावा लागतो, आणि पन्नास वर्षे पूजा केलेल्या माणसाला ते किती लागते हे कोणत्याही अंशमापकावर दिसत नाही. उलट कचेरीत टंकलेखन करणाऱ्याला तळवा पालथा होणे अगत्याचे. संपूर्ण कृत्रिम सांधा बसवला तर एका वेळी साडेचार-पाच किलोंहून अधिक वजन जन्मभर उचलू नये असे बजावले जाते. निवृत्त शिक्षकाला ही अट जाचणार नाही, पण जिच्या घरी पाणी दहा लिटरच्या बादलीने भरावे लागते, किंवा जी मासळीची पाटी रोज बाजारात नेते, तिला तोच उत्तम इलाज उपजीविकेवरची जप्ती वाटेल. इलाज श्रेष्ठ कोणता, हा प्रश्न ‘हात कशासाठी’ या प्रश्नाच्या आधी सुटू शकत नाही. आणि हात कशासाठी, हे सांगण्याचा मुखत्यार ज्याचा हात आहे तोच.

म्हणून माझा फैसला असा : कौलाकडून गाऱ्हाणे घ्यावे, प्रयोगाकडून हिशेब घ्यावा, आणि पाकळीवर व चिठ्ठीवर स्वतःच्या हाताचा निर्णय सोडू नये. वाचकावर, किंवा त्याच्या घरच्या कोणावर, हा प्रसंग येऊ नये. पण आलाच तर त्याने शल्यविशारदाला चार गोष्टी संकोच न करता विचाराव्यात : कोणते दोन इलाज शक्य आहेत. त्यांची तुलना झाली आहे काय आणि ती माझ्यासारख्या माणसांत झाली आहे काय. आपल्या स्वतःच्या हातून झालेल्या अशा शस्त्रक्रियांचे पुढे काय झाले. आणि शस्त्रक्रिया न केल्यास काय होईल. त्याच बैठकीत, न विचारता, आपण रोज त्या हाताने काय करतो तेही सांगावे. जो वैद्य या चारांपैकी एखाद्या प्रश्नाला ‘निश्चित ठाऊक नाही’ असे उत्तर देईल, त्याच्यावर विश्वास ठेवण्यास तेवढे एक कारण अधिक मिळाले असे समजावे.